तिथे पोचलं की कागद होतात? नाही होत!

‘एकदा टुरिस्ट व्हिसावर आत शिरायचं. तिथे पोचलं की कागद होतात.’ जळगावच्या नवीपेठेत, धुळ्याच्या देवपुरात, रावेर-यावलकडच्या लग्नांच्या पंगतीत हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. बोलणारा स्वतः सहसा गेलेला नसतो. त्याच्या मावसभावाचा मित्र गेलेला असतो. देशाचं नाव बदलतं, पोर्तुगाल, इटली, स्पेन नाहीतर ग्रीस. वाक्य मात्र तेच.

या वाक्याला एकेकाळी थोडा आधार होता, म्हणूनच ते मरत नाही. पोर्तुगालच्या 2007 च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात एक सोय होती. कायदेशीर मार्गाने देशात आलेल्या माणसाला तिथे नोकरी लागली आणि त्याच्या नावाने सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरले जाऊ लागले, की त्याला तिथूनच वास्तव्य परवान्याचा अर्ज करता येत असे. भारत, नेपाळ, बांगलादेशातले कितीतरी तरुण या वाटेने स्थिरावले. पण 3 जून 2024 ला पोर्तुगाल सरकारने अध्यादेश काढून ही वाट बंद केली. तेव्हा सुमारे 4 लाख प्रकरणं तिथल्या स्थलांतर खात्याकडे तुंबलेली होती. आज जे व्हिडिओ गावोगाव फिरतात त्यातले बरेच त्याआधीचे आहेत. व्हिडिओतला मुलगा खोटं बोलत नसेलही, पण त्याचं खरं आता शिळं झालंय. तारीख बघायला कोणी तयार नसतं, याचा मला खरा राग येतो.

मग पर्यटन व्हिसाने काय मिळतं? शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं आणि काम अजिबात करता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून तर प्रवेश आणि परतीची नोंद थेट संगणकात ठेवणारी व्यवस्था सीमेवर सुरू झाली आहे. मुदत उलटून राहिलात तर ते कोणी शोधून काढावं लागत नाही, पडद्यावर दिसतं. त्याचे परिणाम पुढच्या प्रत्येक अर्जाला भोवतात. ‘अधूनमधून माफी देतात ना!’ देतात. इटलीने 2020 मध्ये शेतमजूर आणि घरकामगारांना दिली होती, पण 8 मार्च 2020 च्या आधीपासून देशात असलेल्यांनाच. अशी माफी मागची तारीख धरून येते. पुढे कधीतरी येईल म्हणून आज निघणं हा शुद्ध जुगार आहे.

कागद नसले की माणूस मालकाच्या मर्जीवर जगतो. रोमच्या दक्षिणेला लातिना हा शेतीचा पट्टा आहे, तिथे पंजाबी मजूर मोठ्या संख्येने आहेत. जून 2024 मध्ये सतनाम सिंग हा 31 वर्षांचा भारतीय तिथल्या शेतात करार नसताना राबत होता. यंत्रात त्याचा हात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिलं गेलं. दोन दिवसांत तो गेला. इटलीभर निदर्शनं झाली. ‘कागद होतात’ म्हणणाऱ्यांनी ही बातमी वाचावी.

सरळ वाट आहे, फक्त ती उलट्या टोकाकडून सुरू होते. इटलीत परदेशी कामगारांचा कोटा सरकारी हुकुमाने ठरतो आणि अर्ज मालकाने करायचा असतो, कामगाराने नाही. मालकाला ‘नुल्ला ओस्ता’ म्हणजे ना-हरकत मिळाली की तिच्या आधारावर इथे व्हिसा मागायचा, आणि तिथे उतरल्यावर कराराचे सोपस्कार करून वास्तव्य परवाना घ्यायचा. भारत आणि इटलीत 2 नोव्हेंबर 2023 ला स्थलांतर करार झाला. त्यात भारतीयांसाठी 2025 या वर्षाला 7,000 बिगर-हंगामी आणि 5,000 हंगामी जागा राखीव होत्या. अख्ख्या देशासाठी! एकटा एजंट ‘आपल्याकडे दोनशे जागा आहेत’ म्हणतो तेव्हा एवढं गणित करून बघा.

आता लोक मोबाइलवर ना-हरकतीची जी पीडीएफ दाखवतात तिच्याकडे वळू. वर इटलीचं राजचिन्ह, मधे ‘हंगामी शेतीकाम’, खाली मालकाचं नाव. ती खोटी असू शकते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती खरी असूनही फसवणूक होऊ शकते, हे फारसं कोणाला माहीत नाही. मालक फक्त अर्जापुरता उभा राहतो. माणूस तिथे उतरतो तेव्हा मालक फोन उचलत नाही, करार होत नाही, परवाना मिळत नाही, आणि लाखो रुपये मोजून गेलेला पोरगा बेकायदा ठरतो. हे प्रकरण इतकं वाढलं की जून 2024 मध्ये इटलीच्या पंतप्रधान मेलोनींनी स्वतः माफियाविरोधी सरकारी वकिलांकडे तक्रार दिली. नेपल्स ज्या प्रांतात आहे त्या कांपानियातून शेतीच्या मानाने भलतेच जास्त अर्ज येत होते. शिवाय हंगामी परवाना वर्षातून जास्तीत जास्त 9 महिन्यांचा. स्थायिक होणं म्हणतात ते हे नव्हे.

एजंटबद्दलही एक गोड समज आहे: ‘त्याचं ऑफिस आहे, बोर्ड आहे, गुमास्ता आहे.’ गुमास्ता तर वडापावच्या दुकानालाही असतो. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरायची असतील तर 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाचं नोंदणीपत्र लागतं. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. अशा एजंटाला कामगाराकडून घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये. याउपर जे मागितलं जातं, आणि ते लाखांत मागितलं जातं, त्याची पावती कधी कोणी दिल्याचं मी बघितलेलं नाही.

दुसरा मोठा घोटाळा कागदांचा, आणि तो आपल्या घरातच असतो. ‘धुळे कोर्टाबाहेर नोटरी केली, झालं.’ नाही झालं. इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस हे कागदपत्रांच्या साक्षांकनाविषयीच्या हेग करारातले देश आहेत, भारतही 2005 पासून त्यात आहे. तिथे अपोस्टिल लागतं. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालयाचं शुल्क दर कागदाला 50 रुपये आहे, मधल्या संस्थेचा आकार वेगळा. त्यावर पुन्हा तिथल्या भाषेत भाषांतर.

आपल्याकडे अडतं ते जन्मदाखल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून धुळ्यातल्या कुटुंबातल्या मुलाची नोंद चोपड्याजवळच्या आजोळच्या ग्रामपंचायतीत. कित्येक दाखल्यांत बाळाचं नावच नसतं. काही जन्मांची नोंदच नसते. वर्ष उलटल्यावरची नोंद 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. त्यात वेळ जातो. बायकोला मागून बोलवायचं तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, लग्नपत्रिका आणि अल्बम चालत नाहीत. आणि लग्नात नाव बदललेल्या सुनेच्या पासपोर्टवर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, ही गाठ तिथला कारकून सोडवत नाही. ती इथे असतानाच सोडवावी लागते.

बाकीचे समज झटपट उरकू.

‘पोर्तुगालचं कार्ड मिळालं की जर्मनीत नोकरी.’ त्या कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत 90 दिवस फिरता येतं, नोकरी करता येत नाही.

‘इटलीत एक युरोत घर मिळतं, मग राहायचं काय अडतंय?’ सांबुका, मुसोमेली या सिसिलीतल्या ओस पडणाऱ्या गावांनी अशी घरं विकली हे खरं, पण ठरल्या मुदतीत स्वखर्चाने दुरुस्तीची अट घालून. घराबरोबर व्हिसा येत नाही. घर घेऊन वास्तव्य देण्याची योजना पोर्तुगालने ऑक्टोबर 2023 मध्ये आणि स्पेनने 3 एप्रिल 2025 ला बंद केली.

‘गोव्यात फ्लॅट घेतला की पोर्तुगीज पासपोर्ट.’ तो हक्क 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना आहे, तिथे फ्लॅट घेणाऱ्याला नाही. आणि तो पासपोर्ट घेताच भारतीय नागरिकत्व संपतं.

‘बाहेर गेलं की सातबाऱ्यावरून नाव जातं.’ जात नाही. असलेली शेती राहते, वारसाने आलेलीही राहते. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढंच. बँकेचं साधं बचत खातं मात्र एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं.

‘युरोप म्हणजे लाखांत पगार.’ पोर्तुगालचं 2025 चं किमान वेतन महिना 870 युरो, वर्षाला 14 हप्ते, त्यातून 11 टक्के सामाजिक सुरक्षेला. रुपयांत गुणाकार करताना लिस्बनचं घरभाडंही युरोतच द्यायचं असतं, हे आठवावं.

‘तिथे बर्फ.’ सिसिलीत 11 ऑगस्ट 2021 ला 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं. भुसावळकरांना तिथे घरच्यासारखं वाटेल.

तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल तर पैसे देण्याआधी एजंटाचं नाव ई-मायग्रेटवर शोधा आणि ना-हरकतीचा कागद त्या देशाच्या वकिलातीकडून पडताळून घ्या. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800-11-3090 हा निःशुल्क क्रमांक याच कामासाठी आहे.