एकाच नाण्यावर दोन राजे: जोगलटेंभीच्या चांदीची गोष्ट

अमरावती, अकोला आणि तिथून पुण्या-बंगळुरूला पांगलेल्या समस्त वऱ्हाडी कानांना रामराम. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार.

आजचा विषय आहे नाण्यावर नाणं. म्हणजे जुनं नाणं वितळवायचं नाही, त्याच्यावरच नव्या राजाचा छाप मारायचा. इंग्रजीत याला ओव्हरस्ट्राइक म्हणतात. आपण ‘पुनर्मुद्रांकन’ म्हणू, किंवा सरळ ‘छापावर छाप’.

आधी हे काहून करायचे, ते पाहू

चांदीचं नाणं पाडायचं म्हणजे चांदी वितळवा, तिचा कस तपासा, सारख्या वजनाच्या चकत्या करा आणि मग दोन ठशांमध्ये चकती ठेवून हातोडा हाणा. यात खरा वेळ आणि जळण खातात त्या पहिल्या तीन पायऱ्या. पण समोर आधीच चांगल्या चांदीचं, बरोबर वजनाचं नाणं असेल तर? मग ते नाणं हीच तुमची चकती. थेट चौथ्या पायरीवर उडी! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तोच, फक्त वरची स्क्रीन बदलली.

ग्रीक लोकांत हे सर्रास चालायचं. दक्षिण इटलीतल्या मेटापोन्टम शहराचं चिन्ह होतं सातूचं कणीस. तिथे कोरिंथची चांदीची नाणी आली, की त्यांच्यावरच्या पंखवाल्या घोड्यावर हे कणीस ठोकलं जाई. पण याचं जबरदस्त उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

१९०६, जोगलटेंभी

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १३,२५० नाण्यांचा. सगळी नाणी मुळात नहपान या क्षहरात वंशाच्या शक क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. गंमत म्हणजे अक्षरं ग्रीक, पण शब्द प्राकृत. आपण मोबाइलवर रोमन लिपीत मराठी टाइप करतो ना, तसंच. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी अक्षरं.

यातल्या ९,२०० हून जास्त नाण्यांवर दुसरा छाप आहे. एकीकडे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ आणि भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या चारही टोकांना गोल. हातोड्याच्या घावाने जुना छाप पूर्ण मिटत नाही, म्हणून डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक किंवा एखादं ग्रीक अक्षर डोकावतं.

मग हा बदला होता का?

गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. त्यात तिने मुलाला क्षहरात वंशाचा समूळ नाश करणारा म्हटलंय. त्याच्या मुलखांच्या यादीत ‘विदभ’ म्हणजे आपला विदर्भही आहे, बरं का! तेव्हा शत्रूच्या तोंडावर आपला शिक्का मारणं ही विजयाची जाहिरात होतीच.

पण आकडे पुन्हा पाहा. साठ्यात जवळपास ४,००० नाणी नव्या छापाशिवाय आहेत. ज्याने हा साठा पुरला, त्याच्याकडे दोन्ही प्रकार एकत्र होते. म्हणजे त्याच्या लेखी जुन्या नाण्याची किंमत संपली नव्हती. चांदी ती चांदी. २०१६ च्या नोटबंदीत जुनी नोट कागद ठरली, कारण तिची किंमत सरकारच्या शब्दात होती. या नाण्याची बरीचशी किंमत त्याच्या धातूतच होती.

इतिहासकारांना याचा काय फायदा?

खालचा छाप आधीचा, वरचा नंतरचा. इतकं साधं लॉजिक. नाण्यावर साल नसलं तरी क्रम पक्का. नहपान आधी की गौतमीपुत्र, हा वाद या चकत्यांनी मिटवला. नाशिकचाच आणखी एक लेख याला जोड देतो. गौतमीपुत्राने राज्याच्या १८ व्या वर्षी भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिली, आणि ती आधी उषवदाताकडे होती असं त्यात लिहिलंय. हा उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. थोडक्यात, जमिनीवरही छापावर छाप!

आणि पुढे काय झालं? वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या नंतरच्या सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे चेहरे छापले. ज्याचा चेहरा ठोकून काढला, त्याचीच पद्धत उचलली.

आपल्या वावरातलं काय?

१९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला, म्हणजे तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा मोठा साठा निघाला. पोटिन म्हणजे हलका मिश्रधातू, वितळवून मिळणार काय? पण त्याच नाण्यांनी पुराणांच्या यादीत नसलेले काही राजे दाखवले.

म्हणून उद्या नांगराला असं काही लागलं, तर दोन गोष्टी टाळा. पहिली, चिंच-लिंबाने घासू नका. वरच्या छापाखालची पुसट रेघ एकदा गेली, की कायमची गेली. दुसरी, सराफाकडे वितळवायला नेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सापडवणाऱ्याच्या हक्काचीही त्यात तरतूद आहे. घाबरायचं कारण नाही. जोगलटेंभीची नाणी मुशीत गेली असती, तर चांदी उरली असती, पण आधी कोण आणि नंतर कोण हे सांगणारा पुरावा धुरात गेला असता.

चला, आज इतकंच. एपिसोड आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्या काकांचं वावर नदीकाठी आहे त्यांना. भेटू पुढच्या भागात!