उंबरठ्याच्या आतला हेर

रावळपिंडीतल्या एका लष्करी घराण्यात नुकतीच लग्न होऊन आलेली सून दार आतून लावते आणि तारयंत्राच्या कडकट्टमध्ये सीमेपलीकडे निरोप धाडू लागते. बाहेर पावले वाजली तर? नवरा असेल, सासरे असतील, किंवा घरातला तो जुना नोकर. मेघना गुलजार यांच्या 'राझी' (2018) मध्ये अशा वेळी पडद्यावर ना बंदूक दिसते, ना पाठलाग. दिसते ती विशीतली एक मुलगी आणि एक बंद दार. तरीही बघणाऱ्याचा श्वास अडकतो. हिंदी हेरपटाची गोडी नेमकी कशात आहे, याचे उत्तर मला अशा दारापाशी सापडते. परदेशातली स्थळे, हेलिकॉप्टर, हवेत उडणाऱ्या मोटारी, नायकाचे पिळदार दंड ही सगळी ताटातली डावी बाजू झाली. पोट भरते ते दोन गोष्टींनी. हेराचे गुपित आपल्याला ठाऊक असते, ही एक. आणि ते ज्यांच्यापासून लपवायचे ती माणसे एव्हाना त्याची, म्हणून आपलीही, झालेली असतात, ही दुसरी. यातली एक जरी नसली तरी उरते ती नुसती मारामारी.

ही युक्ती हिंदी सिनेमाने हॉलिवूडकडून उसनी आणली असे मानायचे कारण नाही. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक पहिल्या अंकापासून हेरांचेच आहे, आणि त्याचा सगळा जोर तलवारीपेक्षा डोक्यावर आहे. निपुणक नावाचा हेर यमाचे चित्र दाखवत दारोदार हिंडतो आणि चंदनदासाच्या घरी सापडलेली, राक्षस नावाच्या नंदांच्या अमात्याची मुद्रा त्याचा प्रतिस्पर्धी चाणक्य याच्या हाती आणून देतो. पुढे राक्षस ज्या जीवसिद्धीला मित्र समजतो आणि राक्षसाचा साथी मलयकेतू ज्या भागुरायणावर विसंबतो, ते दोघेही चाणक्याचे असतात. आपल्याला ते कळलेले असते, त्यांना नसते. राक्षसाला सावध करावे असे वाटत राहते आणि करता येत नाही. ती घालमेल हाच त्या नाटकाचा रस आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे जे प्रकार दिले आहेत तेही वाचण्यासारखे आहेत. गृहस्थ, व्यापारी, तापस, भिक्षुकी यांची सोंगे तर आहेतच, शिवाय विष घालणाऱ्यांनी बड्या अधिकाऱ्यांच्या घरांत आचारी, न्हाऊ घालणारे, अंथरूण घालणारे, न्हावी, पाणके अशा वेषात शिरावे असे सांगितले आहे. म्हणजे हेराची जागा रणांगणावर नसून स्वयंपाकघरात, मोरीपाशी आणि बिछान्याशेजारी आहे, हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखलेले होते. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्या गोष्टी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या रंगल्या त्या त्यांच्या सोंगांमुळे. ऐकणाऱ्या पोराला सोंगामागचा माणूस माहीत असतो आणि गोष्टीतल्या सुभेदाराला नसतो, म्हणून मजा.

'राझी'त हा जुना धागा अतिशय कसोशीने विणला आहे. हरिंदर सिक्का यांच्या 'कॉलिंग सहमत' या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात सहमत नावाची काश्मिरी मुलगी 1971 च्या युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून पाठवली जाते. दिग्दर्शिकेने सगळ्यात मोठे धाडस केले ते सासरची माणसे चांगली दाखवण्याचे. विकी कौशलने साकारलेला नवरा इक्बाल हळवा आणि सभ्य आहे, सासरे सुनेचे कौतुक करतात, आणि अमृता खानविलकरने रंगवलेली जाऊ मुनिरा तिला मोकळेपणाने जवळ करते. हे घर दुष्ट असते तर सहमतचे प्रत्येक पाऊल सोपे झाले असते आणि आपणही आरामात टाळ्या वाजवल्या असत्या. ते घर प्रेमळ आहे, म्हणून तिने उचललेला प्रत्येक कागद आपल्या हाताला चटका देतो. अब्दुल या म्हाताऱ्या नोकराला तिचा संशय येतो, तो तिला रंगेहाथ पकडतो आणि मालकांना सांगायला धावत सुटतो. ती जीप काढते आणि त्याला चिरडते. त्या प्रसंगात ती सुटावी असे आपल्याला वाटत असते आणि तो मरू नये असेही वाटत असते. दोन्ही इच्छा एकदम खऱ्या असणे हे भल्याभल्या चित्रपटांना साधत नाही. शाळेतल्या कार्यक्रमासाठी सहमत पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांकडून वतनाचे गाणे बसवून घेते, तिथेही हेच घडते. गाणे एकच, पण मुलांचा देश एक आणि शिकवणारीचा दुसरा. सभागृहातल्या सगळ्यांना ते आपले वाटते आणि त्यातला दुसरा अर्थ फक्त तिला व आपल्याला कळतो.

यातून एक जरा नवलाची गोष्ट निघते. हेरपटाचे सगळे बळ 'पुढे काय होणार' या प्रश्नात आहे असे आपण समजतो, पण 'राझी'च्या प्रेक्षकाला शेवट आधीच माहीत आहे. सहमत जिच्यावरच्या हल्ल्याची खबर धाडते ती आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका बुडाली नाही, उलट पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी डिसेंबर 1971 मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली, हे पाठ्यपुस्तकी ज्ञान झाले. शूजित सरकार यांच्या 'मद्रास कॅफे' (2013) मध्ये तर नायकाचे अपयशही ठरलेले आहे. श्रीलंकेतल्या यादवीच्या पार्श्वभूमीवरच्या या चित्रपटात जॉन अब्राहमचा गुप्तचर अधिकारी एका माजी पंतप्रधानांच्या हत्येचा कट उलगडत जातो. नावे बदललेली असली तरी 21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींचे काय झाले हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही शेवटची वीस-पंचवीस मिनिटे आपण त्याच्याबरोबर धावतो. निकाल कळल्याने ताण ओसरत असता तर हे दोन्ही चित्रपट मध्यंतरालाच संपायला हवे होते. ताण असतो तो माणसाला काय सोसावे लागणार याचा.

यावर सरळ आक्षेप येतो की मग 'पठाण'चे काय? 25 जानेवारी 2023 ला लागलेल्या त्या चित्रपटाने जगभरात 1000 कोटींच्या वर धंदा केला. तिथे ना घर, ना स्वयंपाकघर, ना दबक्या पावलांनी चाललेला संसार. 'एक था टायगर' (2012), 'वॉर' (2019) ही त्याच घराण्यातली. हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही, कारण या चित्रपटांतला आनंद खरा आहे. तो अद्भुत रसाचा आनंद आहे. लाडक्या नटाला अशक्य गोष्टी सहज करताना पाहणे ही जत्रेतल्या मौत का कुआँसारखी मजा आहे आणि तिला कमी लेखू नये. तिची परंपराही जुनी. जेम्स बाँडची लाट आल्यावर जितेंद्रचा 'फर्ज' 1967 मध्ये आला, म्हणजे 'रॉ' ही भारताची गुप्तचर संस्था स्थापन होण्याच्याही एक वर्ष आधी. धर्मेंद्रचा 'आँखें' 1968 चा. पण या चित्रपटांत हेर असण्याची गरज कितीशी असते? नायकाला हेराऐवजी पोलीस किंवा दरोडेखोर केले तरी बहुतेक दृश्ये तशीच राहतील. आणि जिथे ती राहणार नाहीत, तिथे पुन्हा माझेच म्हणणे येते. 'एक था टायगर'मध्ये डब्लिनला लेखक म्हणून वावरणारा टायगर आणि प्राध्यापकाच्या घरी काम करणारी झोया दोघेही एकमेकांशी खोटे बोलत प्रेमात पडतात. तो भाग नंतरच्या सगळ्या उड्यांपेक्षा जास्त लक्षात राहतो. 'पठाण'चा खलनायक जिम वजनदार वाटतो, कारण सरकारने खंडणी नाकारल्यामुळे त्याची गरोदर बायको मारली गेली, ही जखम पटकथेने त्याला दिली आहे. एवढ्या आतषबाजीतही लेखकांना शेवटी एक मोडलेला संसार आणावाच लागला.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे. गुपित प्रेक्षकाला ठाऊक असले पाहिजे म्हणता, मग सुजॉय घोष यांचा 'कहानी' (2012) कसा रंगला? त्यात तर गुपित आपल्यापासूनच लपवले आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवट इथे सांगत नाही, पण एवढे सांगायला हरकत नाही की दुर्गापूजेच्या कोलकात्यात हरवलेल्या नवऱ्याला शोधणारी गरोदर विद्या बागची हेच त्या चित्रपटाचे मर्म आहे. तिचा थकवा, स्वस्तातल्या अतिथिगृहातली तिची खोली, तरुण पोलीस राणाचा तिच्यात गुंतत गेलेला जीव, या सगळ्यांतून आपण आधी तिचे होतो आणि मग हादरतो. चित्रपट दुसऱ्यांदा पाहावासा वाटतो तो याचमुळे. त्या वेळी गुपित आपल्या खिशात असते आणि राणाकडे बघताना आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. त्यातला बॉब बिश्वास तर या विषयावरचा एक छोटा निबंधच आहे. पोट सुटलेला, चष्मा लावलेला, विम्याच्या कचेरीत साहेबाची बोलणी खाणारा हा माणूस पैसे घेऊन खून करतो. शाश्वत चटर्जी यांनी त्याला जराही आवाज न चढवता उभा केला. भुवयांवर व्रण असलेल्या शंभर खलनायकांपेक्षा तो भयंकर वाटतो, कारण तसा माणूस रोज लोकलमध्ये आपल्या शेजारी बसलेला असू शकतो.

तिसरे म्हणणे असे की हा सगळा देशभक्तीचा खेळ आहे. शत्रू पडला की टाळी पडते, बाकी विश्लेषण फुकट. टाळी पडते हे खरे. पण शत्रू बावळट असेल तर ती टाळी दोन तासही टिकत नाही, कारण खुळ्याशी बुद्धिबळ खेळून जिंकण्यात कसली मजा? हेरपटात प्रतिपक्षाची बुद्धी जितकी तल्लख, तितके आपल्या माणसाचे शौर्य मोठे. शिवाय 'राझी'ने देशभक्तीला सोडून काहीच केलेले नाही, तरी त्यात पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या मृत्यूवर टाळी पडत नाही. सहमतची सुटका करायला आलेल्या आपल्याच लोकांच्या निर्णयांनी ती शेवटी हादरून जाते आणि घरी जाऊ द्या म्हणते. देशावरचे प्रेम आणि त्याची किंमत दोन्ही एकाच चेहऱ्यावर दाखवणे हे मला घोषणांपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते, आणि पाहायलाही अधिक चुरशीचे.

खरेपणाबद्दलही थोडे बोलायला हवे. प्रत्यक्षातली हेरगिरी बहुतांशी कागद, वाट पाहणे आणि अर्धवट बातम्या यांची असते, मग हे चित्रपट खोटेच नाहीत का? 'राझी'तच पाहा: छत्रीच्या टोकातून विष टोचण्याची युक्ती जगाला कळली ती 1978 मधल्या लंडनमधल्या बल्गेरियन लेखक मार्कोव्ह यांच्या खुनामुळे, आणि चित्रपटाची गोष्ट 1971 ची आहे. तरी ते खटकत नाही, कारण त्या वेळी आपण छत्रीकडे बघत नसतो, आपल्या दिराला मारायला निघालेल्या एका सुनेच्या हाताकडे बघत असतो. जे प्रत्यक्षात घडले तेवढेच दाखवा असा आग्रह नाही. चित्रपटाने स्वतः घालून घेतलेले नियम पाळावेत एवढाच आहे. नीरज पांडे यांच्या 'बेबी' (2015) मध्ये हे नियम काटेकोर आहेत. भूल दिलेल्या एका माणसाला आजारी म्हणून सौदी विमानतळावरून बाहेर काढायचे आहे. तपासणीची रांग, कागदपत्रे, एखाद्या शिपायाची रेंगाळलेली नजर, एवढ्यावर तो शेवट उभा आहे. नायकाने तिथे बंदूक काढून दहा माणसे पाडली असती तर सगळा डाव एका क्षणात विसकटला असता.

निखिल अडवाणी यांच्या 'डी-डे' (2013) चा मोठा भाग गोळीबार आणि पळापळीत जातो, आणि तो इतरांसारखाच आहे. पण त्यात इरफानचा वली खान आहे. कराचीत वर्षानुवर्षे न्हाव्याचे दुकान चालवणारा भारतीय हेर. कौटिल्याच्या यादीतला न्हावीच जणू पडद्यावर आला. त्याने तिथे लग्न केले आहे, त्याला मूल आहे, आणि दिल्लीहून अखेर कामाचा हुकूम येतो तेव्हा सोंग कुठे संपले आणि संसार कुठे सुरू झाला हे त्यालाही सांगता येणार नाही. इरफान हे संवादांतून सांगत नाही. बायकामुलांकडे बघताना त्याची नजर अर्धा क्षण जास्त थांबते, एवढेच. आता या दोघांना इथून सुखरूप बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न त्या नजरेत असतो, आणि समोर बसलेल्या मुलाला आपला बाप न्हावीच आहे असे वाटत असते.