पदे रिकामी, उमेदवार रांगेत

महाराष्ट्रात शिक्षक व्हायला माणसे मिळत नाहीत, असे मुळीच नाही. शिक्षक भरतीसाठीच्या 2023 च्या अभियोग्यता चाचणीला दोन लाखांहून अधिक डीएड-बीएडधारक बसले. तरीही जिल्हा परिषदांच्या शाळांत हजारो पदे रिकामी राहतात.

ही कोंडी ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीपासून वाढत गेली. राज्यभर एकाच वेळी मुले मोजली, तेव्हा अनेक शाळांच्या हजेरीपटावर कागदी विद्यार्थी निघाले. त्यांच्या जोरावर मंजूर झालेले शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले आणि आधी त्यांचे दुसऱ्या शाळांत समायोजन, मगच नवी भरती, असे म्हणत शासनाने मे 2012 मध्ये भरतीच थांबवली. बंदी लांबत गेली. निवृत्ती मात्र कोणासाठी थांबत नव्हती. डिसेंबर 2017 मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली आणि निवड शासनाच्या ‘पवित्र’ या ऑनलाइन पोर्टलवरून करण्याचे ठरले. नोकरीसाठी संस्थाचालक घेत असलेल्या ‘देणगी’ला चाप लावण्याचा हेतू रास्त होता, पण दुसरी चाचणी व्हायला 2023 उजाडले. त्यातही आरक्षणाची बिंदुनामावली तपासून मिळाल्याशिवाय जिल्हा परिषदेला जाहिरात देता येत नाही, आणि प्रकरण कोर्टात गेले की वर्ष सहज जाते.

नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे महिना सहा हजार होते. 2023 पासून ते सोळा हजार झाले.

माणूस टिकवणे सर्वांत अवघड जाते ते कोकणात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रुजू होणारे बरेच जण मराठवाड्यातले किंवा घाटावरचे असतात. संधी मिळताच ते आंतरजिल्हा बदली घेऊन गावाकडे जातात. उलट दिशेने येणारे थोडेच. मग शेजारच्या शाळेतून कोणाला तरी ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरते, पाठवले जाते आणि त्या शाळेत उरलेले एकटे गुरुजी चार वर्ग सांभाळतात. निवडणूक, जनगणना, माहितीचे तक्ते हे त्यांच्याच माथी. स्थानिक डीएडधारकांना प्राधान्य द्या, ही तिथली मागणी या अनुभवातूनच आली आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत आणि मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून अधिक रिकामी राहता कामा नयेत. पण मंजूर पदे ठरतात संचमान्यतेत, म्हणजे शाळेची पदे ठरवण्याच्या प्रक्रियेत, पटावरून. पट घसरला की पद जाते. पद गेले की रिक्त जागाही कागदावरून नाहीशी होते. शिक्षक नाही म्हणून पालक मुलाला इंग्रजी शाळेत घालतात, तेव्हा पट आणखी घसरतो. 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना 20 हजार रुपयांवर नेमण्याचा निर्णय झाला, तो भरती होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. बेरोजगार उमेदवारांनी त्याला विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता.

सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नात भर घातली. सेवेची पाचहून अधिक वर्षे उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे बंधनकारक ठरले. जे उत्तीर्ण होणार नाहीत, त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागाही भरतीच्या याच यंत्रणेला भराव्या लागतील.