क्रिकेट ०७ (संगणकीय खेळ)

क्रिकेट ०७ हा ईए स्पोर्ट्स या कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये प्रकाशित केलेला क्रिकेटवरील संगणकीय खेळ आहे. कॅनडातील एचबी स्टुडिओज या संस्थेने तो विंडोज संगणक आणि प्लेस्टेशन २ यांसाठी तयार केला. ईएच्या क्रिकेट मालिकेतील हा शेवटचा खेळ ठरला. त्यानंतर कंपनीने या मालिकेत नवा खेळ आणला नाही, तरी महाराष्ट्रासह भारतभर हा खेळ पुढील अनेक वर्षे खेळला जात राहिला. याचे श्रेय कंपनीपेक्षा हौशी खेळाडूंना द्यावे लागते. त्यांनी खेळाच्या फाइलींमध्ये बदल करून संघ, गणवेश, मैदाने आणि स्पर्धा अद्ययावत ठेवल्या. अशा बदलास ‘मॉड’ किंवा भारतातील रूढ शब्दात ‘पॅच’ म्हणतात.

पार्श्वभूमी

या खेळाचा केंद्रविषय ॲशेस मालिका हा होता. २००५ ची गाजलेली ॲशेस पुन्हा खेळण्याची आणि २००६-०७ ची मालिका आपल्या हाताने घडवण्याची सोय त्यात आहे. समालोचन मार्क निकोलस आणि डेव्हिड गॉवर यांचे आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या संघांचे अधिकृत परवाने कंपनीकडे होते; भारताच्या संघाचा परवाना मात्र नव्हता. परिणामी भारतीय संघातील खेळाडू मूळ नावांशी साम्य असलेल्या, परंतु बदललेल्या नावांनी मैदानात उतरत. ज्या देशात खेळणाऱ्यांची संख्या अफाट होती, त्याच देशातील मुलांना आपला आवडता फलंदाज परक्या नावाने धावफलकावर पाहावा लागे. मॉड करण्याची पहिली प्रेरणा बहुतेकांना येथून मिळाली.

दुसरे कारण काळाचे होते. खेळ प्रकाशित झाला त्याच सुमारास, १ डिसेंबर २००६ रोजी, भारताने जोहान्सबर्ग येथे आपला पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सामना खेळला. (सचिन तेंडुलकर यांचा हा या प्रकारातील एकमेव आंतरराष्ट्रीय सामना होय.) सप्टेंबर २००७ मध्ये भारताने पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि १८ एप्रिल २००८ पासून इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. अवघ्या दीड वर्षात भारतीय क्रिकेटचे रूप पालटले आणि खेळ मात्र २००६ मध्येच थांबला. मुंबई इंडियन्स, पुढे २०११ मध्ये आलेला पुणे वॉरियर्स, त्याच वर्षीच्या विश्वचषकासाठी पुनर्बांधणी झालेले वानखेडे मैदान, २०१२ मध्ये खुले झालेले गहुंजे येथील मैदान, यांपैकी काहीही मूळ तबकडीवर असणे शक्य नव्हते. ही उणीव भरण्याचे काम प्लॅनेट क्रिकेटसारख्या संकेतस्थळांवर जमलेल्या हौशी मंडळींनी केले.

धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या तालुक्याच्या गावी अशा खेळाचा एक विशेष लाभ असतो. जुन्या संगणकावर तो चालतो आणि खेळताना इंटरनेट लागत नाही. पॅचही एकदा उतरवून घेतला की पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरू शकतो. या फिरण्यात पॅच कोणी तयार केला आणि तो कसा बसवावा, हे सांगणारी मजकूर-फाइल मात्र बहुधा गळून पडते. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या हरवलेल्या फाइलीत आहे.

नव्या संगणकावर चालवताना

विंडोज १० किंवा ११ वर खेळ सुरूच होत नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार होय. नावात ‘डी३डीएक्स९’ अशी अक्षरे असलेली फाइल सापडत नाही, असा संदेश आल्यास डायरेक्टएक्स ९ च्या साहाय्यक फाइली संगणकावर नाहीत, असे समजावे. विंडोजसोबत डायरेक्टएक्स १२ येते म्हणून जुन्याची गरज नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. या साहाय्यक फाइली वेगळ्या बसवाव्या लागतात आणि मायक्रोसॉफ्टने जून २०१० मध्ये दिलेल्या संचात त्या सर्व आहेत. एकेक फाइल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवणे धोक्याचे असते.

अनेक जुन्या खेळांच्या बाबतीत अडचण तबकडीच्या संरक्षणाची असते. त्या काळी नकला रोखण्यासाठी सेफडिस्क नावाची प्रणाली प्रचलित होती. तिच्यातील सुरक्षाविषयक दोषांमुळे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तिचा आधार काढून टाकला. त्यामुळे रीतसर पैसे देऊन घेतलेली तबकडीही नव्या संगणकावर निरुपयोगी ठरू शकते, आणि प्रामाणिक ग्राहकालाच अडवणारी ही स्थिती अनेक जुन्या खेळांच्या वाट्याला आली आहे.

खेळ कोठे बसवावा, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महत्त्वाचा आहे. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरला संरक्षण आहे. जुना कार्यक्रम तेथे काही लिहू लागला की विंडोज ती फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरात ठेवते. मग पॅच बसवूनही बदल दिसत नाही, किंवा काढून टाकलेला बदल दिसतच राहतो. खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात बसवल्यास हा घोळ टळतो. तेवढ्याने न भागल्यास खेळाच्या मुख्य फाइलीवर उजवी कळ दाबून गुणधर्मांतून विंडोज एक्सपीची सुसंगतता निवडावी.

खेळाडू आडवे, जाडसर दिसतात याचे कारण खेळात बिघाड हे नसते. खेळ ४:३ प्रमाणाच्या जुन्या पडद्यासाठी रचलेला आहे. रुंद पडद्यावर चित्र ताणले जाते. ग्राफिक्सच्या मांडणीत मूळ प्रमाण राखण्याचा पर्याय निवडला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि खेळाडू पूर्ववत सडपातळ होतात.

मॉड म्हणजे नेमके काय बदलते

खेळातील चित्रे आणि प्रतिकृती ‘बिग’ प्रकारच्या मोठ्या संग्रह-फाइलींमध्ये साठवलेल्या असतात. गणवेश, चेहरे, बॅटी यांची चित्रे ‘एफएसएच’ प्रकारची असतात. मॉड करणारा संग्रह उघडून जुन्या चित्राच्या जागी नवे ठेवतो. नव्या चित्राचे नाव आणि आकार मूळ चित्राप्रमाणे ठेवणे सुरक्षित असते. एका अक्षराचा फरक पडला तरी खेळाला ते चित्र ओळखता येत नाही.

खेळाडूंची यादी हा वेगळा विषय आहे. नावे, फलंदाजी-गोलंदाजीची शैली आणि कौशल्याचे गुण ‘आरओएस’ प्रकारच्या फाइलीत असतात. तिला ‘रोस्टर’ म्हणतात. ही फाइल खेळाच्या फोल्डरात ठेवण्याची चूक नवखे खेळाडू हमखास करतात. तिची जागा विंडोजच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरात खेळाने स्वतः तयार केलेल्या उपफोल्डरात आहे. तेथे नक्कल केल्यावरही खेळ सुरू करून त्याच्या मेनूतून यादी उघडावी लागते. तसे न केल्यास गणवेश नवा आणि नावे जुनी, असा विजोड संघ समोर येतो.

नवा खेळाडू बहुधा जुन्या खेळाडूच्या जागेवर बसवला जातो. केवळ नाव बदलून थांबल्यास गुण जुनेच राहतात. एखाद्या तळाच्या गोलंदाजाच्या जागी रोहित शर्मा यांचे नाव लिहिले आणि बाकीचे रकाने तसेच ठेवले, तर पडद्यावरील रोहित तळाच्या गोलंदाजासारखाच खेळतो. समालोचनाचेही तसेच. निकोलस आणि गॉवर यांनी २००६ मध्ये जी नावे ध्वनिमुद्रित केली, तेवढीच ते उच्चारतात. यादीत नाव लिहिल्याने आवाज निर्माण होत नाही. मूळ खेळात महिलांचे संघ नाहीत, त्यामुळे तसा संघ उभारायचा झाल्यास नावांखेरीज शरीराकृतीही नव्याने घडवाव्या लागतात. हे काम कितीतरी अधिक कष्टाचे आहे.

पॅच बसवण्यापूर्वी संपूर्ण खेळाच्या फोल्डराची नक्कल अन्यत्र ठेवावी. एका वेळी एकच पॅच बसवावा आणि एक सामना खेळून पाहावा. दोन पॅच एकच संग्रह-फाइल बदलत असतील तर नंतरचा आधीच्याला पुसून टाकतो, आणि दोष कोणाचा हे मग कळत नाही. नुसती चित्रे आणि यादी देणाऱ्या पॅचला चालवण्याजोग्या फाइलीची गरज नसते. ती सोबत आल्यास विषाणूरोधकाने तपासल्याखेरीज उघडू नये. विषाणूरोधक बंद करण्याची सूचना पॅचसोबत असेल तर अधिकच सावध राहावे.

कायदेशीर बाजू

बाजारात मिळत नाही म्हणून खेळ सर्वांच्या मालकीचा होत नाही. भारतीय प्रताधिकार अधिनियम १९५७ नुसार संगणक कार्यक्रम हे साहित्यकृतीत मोडतात आणि विक्री थांबल्याने प्रताधिकार संपत नाही. मात्र कलम ५२ (१) (कक) नुसार कार्यक्रम कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास हानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-क तांत्रिक संरक्षण भेदण्यास शिक्षा सांगते. परंतु त्यासाठी प्रताधिकाराचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो. स्वतःजवळच्या तबकडीची राखीव प्रत आणि संपूर्ण खेळ पॅचच्या नावाखाली वाटणे, यांत म्हणूनच मोठा फरक आहे. केवळ बदललेल्या फाइली देणारे पॅच या दृष्टीने अधिक निर्दोष ठरतात, जरी संघांची बोधचिन्हे वापरण्याचा प्रश्न त्यांच्याही बाबतीत उरतोच.

जतनाचा प्रश्न

मॉडच्या फाइली अनेकदा मोफत साठवण देणाऱ्या सेवांवर ठेवल्या जात. मेगाअपलोड ही सेवा जानेवारी २०१२ मध्ये बंद पाडण्यात आली आणि रॅपिडशेअर मार्च २०१५ मध्ये बंद झाली. अशा सेवांसोबत तेथील दुवेही निकामी होतात आणि ज्यांची दुसरी नक्कल कोणी ठेवली नाही ते पॅच कायमचे जातात. जे उरतात त्यांतील अनेकांचे कर्ते अज्ञात राहतात, कारण नाव सांगणारी मजकूर-फाइल वाटेत गळालेली असते. ज्यांच्याजवळ जुने पॅच मूळ झिप-फाइलीत, त्या मजकुरासह शिल्लक आहेत, त्यांनी ते उलगडून एकत्र न करता तसेच ठेवल्यास कर्त्याचे नाव आणि पॅचचा काळ दोन्ही टिकून राहतात.