अंधूक सभागृह आणि कॅमेऱ्याचा हिशेब

स्नेहसंमेलनात टिपलेली छायाचित्रे पुष्कळदा काळपट किंवा पुसट का येतात बरे? भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. सभागृहात तो जेमतेम २०० लक्स भरतो. म्हणजे ५०० पटींनी कमी! आपले डोळे हा फरक सहज सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र तो सांगावा लागतो.

उन्हातील नेहमीचा अंदाज असा: संवेदनक्षमता आयएसओ १००, छिद्र एफ/१६, झडप १/१२५ सेकंद. सभागृहात झडप १/३० सेकंद उघडी ठेवली, तर चौपट प्रकाश मिळेल. पण सेकंदाला २ मीटर वेगाने फिरणारा नर्तिकेचा हात तेवढ्यात जवळजवळ ७ सेंटिमीटर सरकेल आणि चित्रात नुसता पट्टा उमटेल. १/१२५ सेकंदात तो केवळ १.६ सेंटिमीटर सरकतो. तेव्हा झडप तशीच राहू द्या.

आता छिद्र एफ/२.८ करा. आकडा लहान, छिद्र मोठे! व्यास सुमारे ५.७ पट, म्हणून क्षेत्रफळ ३२ पट होते. उरलेली कसर आयएसओ १६०० करून, म्हणजे १६ पटींनी, भरून काढा. ३२ × १६ = ५१२. हिशेब जुळला!

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. मोठ्या छिद्रामुळे मागच्या रांगेतील कलाकार धूसर होतात. वाढत्या आयएसओने चित्र रवाळ दिसते. नाटकातील स्तब्ध क्षणी संथ झडपही चालेल. कोणती उणीव कधी पत्करायची, हे रंगमंचाकडे पाहून तुम्हीच ठरवा.