संगीताचे सौंदर्यमूल्य आणि संगणक

अमेरिकन गणिती जॉर्ज डेव्हिड बर्कॉफ ह्याने 1933 साली सौंदर्यमापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून एक सूत्र मांडले : कलाकृतीतील सुसंगतीस तिच्या जटिलतेने भागले असता येणारा भागाकार म्हणजे तिचे सौंदर्यमूल्य होय. सुरावटींनाही त्याने हे सूत्र लावून पाहिले. मराठी अभ्यासकास येथे मर्ढेकरांचे स्मरण होणे साहजिक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (1955) ह्या ग्रंथात त्यांनी संवाद, विरोध व समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्यविचाराची उभारणी केली. परंतु ह्यांपैकी कशाचेही त्यांनी अंकांत रूपांतर केले नाही. बर्कॉफच्या सूत्रात जटिलता छेदस्थानी पडते. सुसंगती तेवढीच राहून ख्यालाचा विस्तार वाढला की त्याचे मूल्य घटावे, असा विचित्र निष्कर्ष त्यातून निघतो.

ह्याहून फलदायी प्रयत्न 1980 नंतरच्या दशकात झाला, आणि तो भारतीय तबल्याच्या संदर्भात. लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ ह्यांच्याकडे तबला शिकणारे जेम्स किपन आणि संगणकज्ञ बर्नार्ड बेल ह्यांनी ‘बोल प्रोसेसर’ ही प्रणाली रचली. कायद्याचे बोल व ते फिरविण्याचे नियम तिला पुरविले असता ती नवे पलटे तयार करी. ते उस्तादांपुढे ठेवले जात. उस्ताद काही मान्य करीत, काही नाकारीत, आणि त्यानुसार नियमांत दुरुस्ती होई. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. भाषकाने एखादे वाक्य स्वीकारावे वा नाकारावे आणि अभ्यासकाने त्यावरून व्याकरण सुधारावे, तोच हा मार्ग. मात्र व्याकरणशुद्ध वाक्य सुंदर असतेच असे नाही. नियमात बसणारा पलटा आणि मैफलीत दाद घेणारा पलटा ह्यांतील अंतर उस्तादांचा कान ओळखी. यंत्राच्या अंगी तो निवाडा नव्हता, आणि तसा दावाही कोणी केला नाही.

आज तसा दावा निदान नावापुरता तरी होतो. मेटा ह्या कंपनीने 2025 साली ध्वनीचे ‘सौंदर्य’ जोखणारी एक प्रणाली प्रसिद्ध केली. ती निर्मितीची गुणवत्ता, निर्मितीची जटिलता, आशयाची आस्वाद्यता आणि आशयाची उपयुक्तता असे चार गुणांक देते. हे गुणांक येतात कोठून? माणसांनी असंख्य ध्वनिखंडांना एक ते दहा असे गुण दिले. यंत्र त्यांवरून नव्या ध्वनीस तशाच श्रोत्यांनी किती गुण दिले असते ह्याचे अनुमान करते. म्हणजे येथे सौंदर्याचा निर्णय होत नसून विशिष्ट श्रोतृवर्गाच्या पसंतीचा अंदाज बांधला जातो. ‘सौंदर्य’ हा शब्द ह्या ठिकाणी फारच सैल वापरला गेला आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना लागणाऱ्या टोकावड्याच्या परिसरातील एखाद्या वृद्धेने जाते ओढीत म्हटलेली ओवी ध्वनिमुद्रित करून अशा यंत्रापुढे ठेवली, असे समजू. जात्याची घरघर निर्मितीच्या गुणवत्तेत दोष म्हणून गणली जाण्याचा संभव मोठा. वास्तविक ओवीची लय त्या घरघरीवरच तोललेली असते. चरणाच्या शेवटी दमलेला श्वास, मध्येच दुसरीने उचललेला सूर, मोजक्या स्वरांत फिरणारी चाल ह्यांचे मोल ज्यांनी गुण दिले त्यांना ठाऊक असेलच असे नाही. आणि अशा गुणांकांचा एक योजिलेला उपयोग म्हणजे पुढील यंत्रांना शिकविण्यासाठी ध्वनिसामग्री निवडणे हा होय. कमी गुणांचे ध्वनी तेथे गाळले गेले, तर ती ओवी पुढच्या यंत्रास ऐकूच येणार नाही.

ह्याच बर्नार्ड बेल ह्यांचा हात महाराष्ट्रातील एका मोठ्या संगणकीय संग्रहासही लागला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. 2017 पासून त्या ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या संग्रहात संगणकाने ओव्यांची गायिका, गाव आणि विषय ह्यांनुसार मांडणी केली आहे. गुण एकाही ओवीला दिलेले नाहीत.