फाडण्यासाठीच बनवलेलं खोकं

सुपरमार्केटच्या फळीवर बिस्किटांचे पुडे पुढून फाडलेल्या खोक्यातच दिसले, की अनेकांना वाटतं, लावणाऱ्याने कंटाळा केला. तसं नाही. ते खोकं असंच फाडून मांडण्यासाठी बनवलेलं असतं. चोवीस पुडे एकेक करून लावणं आणि अख्खं खोकं एकदाच उचलून ठेवणं, यातला फरक दिवसभर माल लावणाऱ्या मुलांना विचारा. जर्मनीतल्या आल्डीने 1960च्या दशकातच खोक्यातून माल विकून दुकानातली मेहनत आणि भाव दोन्ही खाली आणले.

छपाई झकास असली की काम झालं, हाही गैरसमजच. खोकं गोदामात लांबून ओळखू यायला हवं आणि कटरशिवाय उघडायला हवं. एका दुकानात माझ्यासमोर टेपवरून कटर फिरला आणि वरच्या तीन पाकिटांतून तूरडाळ लादीवर सांडली. माल लावणारी मुलगी गुडघ्यांवर बसून ती गोळा करत होती. तो दोष तिच्या हाताचा नव्हता, खोक्याचा होता.

फाडण्यासाठी ठिपक्यांची रेघ मारली की खोकं कमजोर होतं, असं म्हणतात. हे अर्धंच खरं. थप्पीचा भार मुख्यतः चार उभ्या कोपऱ्यांवर येतो. म्हणून रेघ कोपरा ओलांडते तिथे काप कमी आणि जोड जास्त ठेवतात. जोड फार झाले तर पुठ्ठा वेडावाकडा फाटतो, कमी झाले तर ट्रकमध्येच उघडतो. आत डबे किंवा बरण्या असतील तर त्याही भार पेलतात. वेफर्सची पाकिटं पेलत नाहीत, तिथे सगळा भार पुठ्ठ्यावर. आपल्या पावसाळ्यात तर दमट हवेनेच पुठ्ठा मऊ पडतो. कोरड्या खोलीत घेतलेल्या चाचणीवर विसंबून कोकणातल्या गोदामात उंच थप्पी लावू नये.

कचरा वाढतो, ही तक्रार सरसकट खरी नाही. वाहतुकीला खोकं लागतंच, तेच फळीवर गेलं तर वेगळा ट्रे वाचतो. पुठ्ठा रद्दीत जाऊन पुन्हा कागद होतो. त्यावर प्लॅस्टिकचा थर चढवला, की मात्र अवघड.

आणि हे सगळं मोठ्या दुकानांपुरतं, असं मुळीच नाही. किराणावाल्याच्या खिळ्याला टांगलेली शाम्पूच्या पुड्यांची लडी बघा. फळी नको, कात्री नको. काका बोलता बोलता एक पुडी रेघेवर तोडून हातात देतात.